गाडी एकाची, हप्ता सगळ्या घराचा

(कमी पैशात स्वतःचं वाहन या विषयावर धुळ्यात, जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या तरुण मुला-मुलींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्याकडे पोराला विचारा, गाडी कितीला पडली? तो किंमत सांगत नाही, हप्ता सांगतो. "तीन हजार बसतो." शोरूमवालाही तेच सांगतो. दहा हजार भरा, गाडी घेऊन जा, बाकीचं होत राहील. हे बाकीचं नेमकं काय होत राहतं, ते आज आपण मांडून बघू. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय मला बोलता येत नाही. थोडं सहन करा.

समजा, जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात किंवा इथे अवधानला काम करणारा एक मुलगा आहे. हातात महिन्याला तेरा हजार येतात. त्याला शंभर-एकशे दहा सीसीची नवी गाडी घ्यायची आहे. टॅक्स, इन्शुरन्स, पासिंग धरून ती रस्त्यावर येईपर्यंत ९० हजार लागतात असं धरू. दहा हजार रोख, ऐंशी हजार कर्ज, तीन वर्षं. सेल्समन म्हणतो, "व्याज फक्त १२ टक्के फ्लॅट." आता फ्लॅट या शब्दात सगळी गंमत आहे. १२ टक्क्यांनी तीन वर्षांचं व्याज होतं २८,८००. एकूण फेड १,०८,८००, हप्ता ३,०२२. पण हे व्याज तुम्ही पूर्ण ऐंशी हजारांवर तीन वर्षं भरता. खरं तर दर महिन्याला तुमचं मुद्दल कमी होत असतं. शेवटच्या वर्षी तुमच्याकडे कंपनीचे तीस-पस्तीस हजारच उरलेले असतात, तरी व्याज ऐंशी हजारांचंच चालू असतं. बँका घराच्या कर्जाला जी पद्धत वापरतात, म्हणजे उरलेल्या रकमेवर व्याज, त्या पद्धतीने मोजलं तर हा दर वर्षाला २१ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून कर्ज घेणाऱ्याने एकच प्रश्न विचारायचा: "फ्लॅट आहे की रिड्युसिंग?" आणि एकूण किती फेडायचे तो आकडा कागदावर लिहून घ्यायचा.

हप्त्यावर पेट्रोल आलं. रोज वीस किलोमीटर, महिन्याला २६ दिवस, म्हणजे ५२० किलोमीटर. लिटरला ५५ चं ॲव्हरेज आणि १०५ रुपये भाव धरला तर हजार रुपये. ऑइल, सर्व्हिसिंग, पुढे येणारे टायर यांचे चारशे बाजूला ठेवा. एकूण ४,४०० च्या वर. तेरा हजारांतला तिसरा हिस्सा. ज्या घरात भाडं, किराणा, अब्बूंची बीपीची गोळी आणि बहिणीची फी आहे, तिथे हा तिसरा हिस्सा कुणाच्या तरी वाट्यातून जातो. गाडी एकट्याची असते, हप्ता मात्र सगळं घर भरतं.

व्याजाबद्दल एक शब्द बोलून पुढे जातो. व्याज द्यायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या इमानाचा प्रश्न आहे, मी इथे फतवा द्यायला आलेलो नाही. पण बँकेचं व्याज नको म्हणणाऱ्या काही घरांतलंच सोनं निकडीच्या वेळी सावकाराकडे जातं, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. तेव्हा व्याज टाळायचं असेल तर ते आधीपासून ठरवून, साठवून टाळावं लागतं.

त्यासाठी आपल्याकडे जुनी आणि चांगली पद्धत आहे: भिशी. आपण मोहल्ल्यात बीसी म्हणतो. अठरा जण, महिन्याला दोन हजार, प्रत्येकाला एकदा छत्तीस हजार. घरातल्या बायका ती वर्षानुवर्षं चालवतात आणि हिशेबात एक रुपया इकडचा तिकडे होत नाही. भिशी ओळखीच्या माणसांत, लहान आणि लेखी असावी, एवढंच. अनोळखी माणसाने व्हॉट्सॲपवर चालवलेली, "जादा परतावा" देणारी भिशी ही भिशी नव्हे.

छत्तीस हजारांत काय येतं? सहा-सात वर्षं वापरलेली, साधी, शंभर सीसीची गाडी. ती लिटरला पन्नास देईल असं धरा. पेट्रोल ११००, जुनी असल्यामुळे दुरुस्तीचे सहाशे, इन्शुरन्सचे शंभरच्या आत. महिन्याला १,८००. आता तीन वर्षांचं गणित करू. नव्या गाडीवर सुरुवातीचे दहा हजार धरून एक लाख ६९ हजार गेले. जुनीवर छत्तीस हजार धरून एक लाखाच्या थोडं वर. नवी गाडी तीन वर्षांनी विकली तर जुनीपेक्षा पंचवीस-तीस हजार जास्त येतील, हे मान्य, ते वजा करा. तरीही चाळीस हजारांच्या आसपास उरतात. हे चाळीस हजार लक्षात ठेवा, त्यांच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

कुणी म्हणेल, जुनी गाडी म्हणजे गॅरेजच्या चकरा. पण दोस्तांनो, जळगाव असो की धुळे, गॅरेजमध्ये काम करणारे कितीतरी हात आपल्याच मोहल्ल्यातले आहेत. कुणाचा मामू, कुणाचा शाळेतला दोस्त. ज्या समाजाच्या घरात मेकॅनिक आहेत, त्याने जुन्या गाडीला का घाबरायचं? गाडी बघायला जाताना त्याला सोबत घ्या, त्याचा दिवस बुडतो म्हणून दोन-तीनशे रुपये द्या, फुकट राबवू नका. सकाळी, इंजिन थंड असताना जा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. निळसर धूर, पुढच्या शॉकअपमधून गळणारं ऑइल, हँडल सोडल्यावर एका बाजूला ओढणारी गाडी, हे त्याला पाच मिनिटांत कळतं. तुमचं काम कागदांचं. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. गाडीवर कर्ज चढलेलं आहे का, ई-चलान थकलेत का, हे मोबाइलवर दिसतं. कर्ज फिटलेलं असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल तर पुन्हा पासिंगचा खर्च किमतीतून वजा करून मागा. एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का तेही बघा.

नाव बदलण्यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. आपल्याकडे गाडी विकली जाते, पुन्हा विकली जाते, तिसऱ्याच्या हातात जाते आणि आरसीवर नाव पहिल्याचंच राहतं. "अपनाच आदमी है, बाद में कर लेंगे." २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे, अपघाताच्या भरपाईसाठी कायद्याने तोच मालक. म्हणजे गाडी विकलेला माणूस, ज्याने तीन वर्षांत ती पाहिलीही नाही, त्याच्या दारात नोटीस येते. घेणाऱ्याचं नुकसान त्याहून वाईट आहे. इन्शुरन्ससोबत मालक-चालकासाठी पंधरा लाखांचं अपघात संरक्षण असतं. ते नोंदणीकृत मालकाला असतं आणि त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तरच. नाव तुमचं नाही, लायसन्स नाही, आणि पारोळ्याजवळ हायवेवर ट्रकने उडवलं, तर घरच्यांच्या हातात या संरक्षणातलं काही येत नाही. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी इन्शुरन्स वर्षाला ७१४ रुपये अधिक जीएसटी इतका आहे. दिवसाला अडीच रुपयेही नाहीत. गुटख्याची एक पुडी त्याहून महाग पडते.

आता दुसरी बाजू. प्रत्येकाला गाडी लागतेच का? खानदेशात अपडाऊन करणारी हजारो माणसं आहेत. जळगाव-भुसावळ रेल्वेने जाणाऱ्याचा महिन्याचा पास दोन-तीन लिटर पेट्रोलच्या पैशांत येतो. चाळीसगाव-धुळे गाडी १९०० सालापासून चालते, आणि त्या मार्गावर रोज ये-जा करणाऱ्याला मोटारसायकलवर पन्नास-साठ किलोमीटर घासायची काही गरज नाही. एसटीच्या मासिक पासात वीस दिवसांचं भाडं भरून महिनाभर फिरता येतं. कॉलेजच्या विद्यार्थ्याला पास एक तृतीयांश पैशांत मिळतो. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास फुकट आहे. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. गावाकडून येणाऱ्या मुलींच्या पालकांना फुकट पासची योजना ऐकून माहीत असते, पण शाळेतून दाखला आणून फॉर्म भरायला कुणी जात नाही. हे काम तुम्ही करू शकता, त्याला पैसे लागत नाहीत.

पण एसटी स्टँडपर्यंत सोडते. पुढचे पाच-सहा किलोमीटर कुणी करायचे? खरी अडचण तिथेच आहे. जळगावचं विद्यापीठ शहराबाहेर महामार्गालगत आहे. धुळ्यात कॉलेजं देवपूरला आणि घर आझादनगरला किंवा शंभर फुटी रोडला. शेअर रिक्षाचे येऊन-जाऊन चाळीस रुपये धरले तर महिन्याचे हजार. मुलासाठी हे हजार कसेही निघतात, नाहीतर तो कुणाच्या तरी मागे बसून जातो. मुलगी कुणाच्याही मागे बसून जाऊ शकत नाही. मग घरात एक वाक्य येतं: "बारावी झाली ना, बस झालं, एवढ्या लांब कोण नेऊन सोडणार?" त्या वाक्यात धर्म नसतो, परंपरा नसते. त्यात सहा किलोमीटर असतात. आपण उगाच त्याला संस्कृतीचा प्रश्न करून टाकतो.

याचा पुरावा बिहारमध्ये आहे. २००६ साली तिथल्या सरकारने नववीत जाणाऱ्या प्रत्येक मुलीला सायकलीसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. हायस्कूलला जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलगा-मुलगी यांच्यातलं अंतर ४० टक्क्यांनी कमी झालं. सगळ्यात जास्त फरक कुठे पडला, तर जिथे हायस्कूल तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर होतं तिथे. कुणी घरोघर जाऊन भाषण केलं नव्हतं. सायकल दिली होती.

दुसरं उदाहरण तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्याचं. १९९१ मध्ये तिथे साक्षरता मोहीम सुरू झाली. जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. त्यांनी अक्षरांसोबत सायकल शिकवणं जोडलं आणि बायकांना सायकलीसाठी कर्ज मिळेल असं पाहिलं. एक लाखाहून जास्त बायका सायकल शिकल्या. त्यात शेतमजूर होत्या, खाणकामगार होत्या आणि मुस्लिम मुली-बायकाही होत्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. लेडीज सायकली संपल्या तेव्हा बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच जास्त आवडल्या, कारण पुढच्या दांडीवर लेकराला बसवता येतं! टोमणे मारणारे तिथेही होतेच. पण बसची वाट बघण्यात जाणारे तास वाचले, माल स्वतः बाजारात नेता आला, आणि टोमणे मागे पडले.

आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात आणि शाळेसाठी निळ्या बस चालतात. पण ते ठरावीक तालुक्यांत. शहरातल्या मोहल्ल्यातल्या मुलीला त्याचा उपयोग नाही. तिचं घरानेच बघायचं आहे.

तर आता ते चाळीस हजार. मुलाने नव्याऐवजी जुनी गाडी घेतली तर तीन वर्षांत जे वाचतात, त्यात बहिणीसाठी वापरलेली एक स्कूटर येते. रोज बारा किलोमीटर चालली तर पेट्रोल महिन्याला सात-आठशे, म्हणजे रिक्षाच्या हजारापेक्षा कमी. तेवढे पैसे नसतील, कॉलेज चार-पाच किलोमीटरवर असेल, तर सात हजारांची नवी सायकल घ्या, सात महिन्यांत रिक्षाच्या पैशातून फिटते. जुनी दोन-अडीच हजारांत मिळते. मे महिन्यात जळगावला पारा ४५ वर जातो, तेव्हा दुपारी सायकल नको, हे मलाही कळतं. पण कॉलेज जूनला सुरू होतं आणि सकाळी भरतं.

बॅटरीच्या गाड्यांबद्दल नेहमी प्रश्न येतो. शंभर किलोमीटरला तीनेक युनिट वीज, म्हणजे पेट्रोलच्या मानाने खर्च नावापुरता. पण चार्जिंगची सोय आधी बघा. तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडून लावणार असाल तर घेऊ नका. जुनी घेताना बॅटरी किती उरली आहे ते बघा, कारण तीच गाडीची अर्धी किंमत असते. २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या गाडीला लायसन्स आणि पासिंग लागत नाही, हे खरं आहे. बाजारात मात्र त्याच नावाखाली चाळीस-पन्नासने पळणाऱ्या गाड्या विकतात. त्या बेकायदा आहेत, अपघात झाला तर इन्शुरन्स नाही.

मुलीच्या गाडीबद्दल दोन गोष्टी कुणी सांगत नाही. बुरखा किंवा ओढणी चाकात जाते आणि जीवघेणे अपघात होतात. साडी गार्ड काढून टाकलेला असेल तर परत बसवा, बुरख्याचा घेर आणि ओढणी बसण्याआधी आवरून घ्या. आणि स्कार्फवर हेल्मेट बसत नाही असं म्हणू नका. पातळ कापड आणि एक साइज मोठं, आयएसआय मार्कचं हेल्मेट व्यवस्थित बसतं. दुकानात स्कार्फ घालूनच माप बघा.

आता कडू बोलतो. आपल्याकडे लग्नात मोटारसायकल मागतात. कुणी उघड मागतं, कुणी म्हणतं "हमें कुछ नहीं चाहिए, लड़के की ड्यूटी दूर है, इतना देख लो." १९६१ पासून हुंडा गुन्हा आहे. आणि आपल्या निकाहात तर देणं नवऱ्याकडे आहे, मेहर त्याने द्यायचा असतो. इथे उलटं चाललेलं असतं आणि काझीसाहेबांच्या समोरच चाललेलं असतं. मुलीचा बाप ती गाडी कर्जावर घेतो, फ्लॅट १२ टक्क्यांनी, ज्याचं गणित मी सुरुवातीला केलं. तीन वर्षं तो हप्ता भरतो जावयाच्या गाडीचा. याच बापाने, मुलगी सतरा-अठरा वर्षांची असताना, कॉलेजसाठी स्कूटर घ्यायला पैसे नाहीत म्हणून तिला घरी बसवलेलं असतं. पैसे नव्हते असं नाही, ते तिच्या नावाने जमा होत होते. फक्त ते तिच्या शिक्षणासाठी नव्हते, तिला पाठवून देण्यासाठी होते.

इथे बसलेल्या मुलांना मी विचारतो, तुमच्या लग्नाचं बोलणं सुरू असेल आणि गाडीचा विषय निघाला, तर "नको" कोण म्हणणार? अब्बू म्हणणार नाहीत, त्यांना लाज वाटते. मामू म्हणणार नाहीत, त्यांनीच विषय काढलेला असतो. "नको" फक्त नवरदेव म्हणू शकतो, आणि त्याने म्हटलं की विषय तिथेच संपतो. तुमच्याकडे भिशीची, जुन्या गाडीची वाट आहे, मी आकड्यांत दाखवली. सासऱ्याच्या हप्त्यावर फिरायची गरज उरत नाही.

मुलींसाठी: लायसन्स घरात गाडी येण्याची वाट न बघता काढा. वय अठरा पूर्ण असलं पाहिजे. सोळा-सतरा वर्षांच्या भावाला गाडी देणाऱ्या घरांनीही ऐकून ठेवा, अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. शिकाऊ लायसन्स आता आधारवर घरबसल्या निघतं, सोपी परीक्षाही मोबाइलवरच होते. ते सहा महिने चालतं, आणि तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. शिकायला रविवारी पहाटेचं कोणतंही मोकळं मैदान चालेल. शिकवणारा भाऊ असेल तर उत्तम, मैत्रीण असेल तर जास्त उत्तम, कारण ती ओरडत नाही.

मी लॅपटॉप आणला आहे. ज्यांच्याकडे आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर आहे, त्यांचा फॉर्म आज इथेच भरून घेऊ. आधी मागच्या रांगेतल्या मुलींनी यावं, कारण त्यांची साडेपाचची एसटी आहे.